उरलेली कडी

९ जानेवारी

भिंगरीबाई,

सोबतचं खोकं जरा बेताने उघड. वर मामीने विणलेला स्वेटर आहे, स्वेटरच्या पोटात माझा दोन रिळांचा टेपरेकॉर्डर आहे आणि त्यावर टेप चढवून ठेवलेली आहे. स्वेटर घातलाच पाहिजे असं नाही. त्याची एक बाही लांब झालीय, हे मी मामीला सांगून बसलो. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते.

आता टेपबद्दल. मी सामान हलवणाऱ्या कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. ट्रकमध्ये कुणाचा तरी सबंध संसार भरलेला, आणि ट्रक नदीपाशी बंद पडला. पार्ट येईपर्यंत बसून राहणं आलं. समोरच्या माळावर जिप्सी लोकांच्या राहत्या गाड्या उभ्या होत्या. ऊन कलल्यावर ते गोल करून बसले आणि एकाने गिटार उचलली. सगळे त्याला डावरा म्हणत. मागे त्याचा मेहुणा दुसऱ्या गिटारीवर ठेका धरून बसलेला, हात एकसारखा खालीवर, गालिचा झटकावा तसा. त्या ठेक्यावरून डावरा असा पळत सुटला, की मी हातातला चहा प्यायचा विसरलो. जन्मभर मी लोकांचे पियानो उचलले, पाठ त्यांनाच वाहिली. पण एवढंसं लाकूड माणसाला उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. असल्या वाजवण्याला जिप्सी जॅझ म्हणतात, हे मागाहून कळलं. ट्रकमध्ये सोबतीला हा टेपरेकॉर्डर असायचा, तो धावत जाऊन आणला. तोवर शेवटचीच धून उरली होती, ती मिळाली. ती संपल्यावर त्याची चिमुरडी मुलगी खळखळून हसते, तेही त्यात आलंय.

डावरा आता नाही. आणि माझे कान असून नसल्यासारखे आहेत. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने वरचा मजला रिकामा झालाय, खालचे भाडेकरू अजून टिकून आहेत. म्हणजे जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. मागे ही टेप लावली तर कुणी कागद चुरगाळतंय एवढंच कळलं. त्यानंतर मी ती लावली नाही. फोनवर तुझंही तसंच होतं, म्हणून हा कागदाचा खटाटोप. ती धून एकदा, एकदाच पुन्हा ऐकायला मिळावी असं फार वाटतं. ते काही आता होणार नाही. निदान तुझ्या कानात तरी असू दे.

टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. मी तो सगळा खोलला, पुसला, नवा पट्टा घातला. पुन्हा बसवल्यावर एक पितळी कडी उरली. दांड्यावर चढवलेली होती, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावाचून रिळं छान फिरतात, म्हणजे कंपनीने ती उगाचच घातली असणार. मामीच्या बटणांच्या डब्यात टाकून दिली. आवाज तपासायला मामीलाच बसवलं. वाजतंय म्हणाली. फार कंटाळवाणं आहे, हे मात्र तिने मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितलं. तिचं सोड.

तुझा मामा

२ फेब्रुवारी

मामा,

स्वेटर अंगात घालूनच लिहितेय. लांब बाही दुमडली की तिला मस्त खिसा होतो, मामीला सांग. ती तुझ्याशी बोलत असली तर.

माझी खोली तुला माहीत नाही. खाली लाँड्री आहे. दुपारभर फळ्यांच्या फटींतून कोमट वाफ वर येते, खिडकीची काच धुरकट होते आणि समोरची घरं हळूहळू पुसली जातात. रविवारी त्या वाफेत बसून मी टेप लावली. डावरा पळत सुटला असं तू लिहिलंस, म्हणून मी धावपळ ऐकायची तयारी करून बसले होते. मामा, तो पळत नाही रे. तो चालतसुद्धा नाही. तो एक सूर ठेवतो, त्याच्याकडे बघतो, मग दुसरा ठेवतो. मागे तो मेहुणा इतक्या संथ हाताने ठेका देतो, की मला पाळण्यात निजल्यासारखं झालं. धून संपली तेव्हा खाली इस्त्र्या बंद झाल्या होत्या. 

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चष्म्याच्या काचा घासताना तीच धून हातात होती. दगडावर पांढरं पाणी फिरत होतं आणि मला प्रत्येक काचेतून सूर जाताना दिसत होता. मुकादमबाईंनी विचारलं, झोप झाली नाही का. मी म्हटलं, नाही, आत्ताच लागलीय.

शाळेत घेतलेली गिटार पलंगाखाली पडून होती, ती काढली. येतात चार कॉर्ड, तेही धड नाहीत. पण ही धून मी शिकणार आणि तुझ्या कानाशी बसून वाजवणार. वरचा मजला रिकामा असेल तर शिडी लावीन. तुला एकदाच ऐकायचीय ना? मग ती एकदा ऐकवणं माझ्याकडे लागलं.

टेपमधून तपकिरी भुकटी पडते, बोटांना लागते. मी जपून लावते.

आणि शेवटी तो म्हातारा काय गोड हसतो! अगदी पोटातून, मोठ्या झोपेतून जागा झाल्यासारखा, मध्ये एक उचकीही देतो. तो डावराच का?

भिंगरी

१५ फेब्रुवारी

भिंगरे,

म्हातारा? तू उलटी बाजू लावलीस. त्या बाजूला आमच्या कंपनीच्या मॅनेजरचं निरोपाचं भाषण आहे आणि तो स्वतःच्याच विनोदांना हसतो. बाजू बदल. माझ्या टेपमध्ये हसते ती मुलगी, दात पडलेली, बापाच्या गुडघ्याला टेकून उभी होती. उचकी मात्र तिचीच.

संथ म्हणतेस त्याचंही मला हसू आलं. अगं, त्याची बोटं दिसत नव्हती. तारा छेडायला कोटाचं बटण घासून केलेली नखी होती त्याच्याकडे, तिची नुसती झुळूक जाणवायची. तुम्हा आजकालच्या मुलांना सगळंच संथ वाटतं, दुसरं काय.

तू शिकणार म्हणालीस ते वाचून मामीने चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. मी तिला म्हटलं, मुलीच्या अंगात आलंय, उतरेल. पण खरं सांगू? उतरू नये असं वाटतं. गिटारीतलं मला काही कळत नाही, वजन उचलण्यातलं कळतं. ताठ मनगटाने उचलायला गेलं की पियानो जड होतो. डावऱ्याचं मनगट ओल्या फडक्यासारखं सैल होतं. तेवढं बघ.

माझ्यापुढे वाजवण्याचा हट्ट मात्र करू नकोस. तुला बोटं हलवताना बघून मी मान डोलवीन, आणि खोटी मान डोलवलेली तुला कळेल.

मामा

२० सप्टेंबर

मामा,

इतके महिने गप्प होते, कारण सांगण्यासारखं काहीच धड येत नव्हतं. आता निम्मीअधिक धून हातात आलीय. गिटारीच्या तारा बऱ्याच सैल कराव्या लागल्या, तेव्हा कुठे टेपच्या पट्टीत आली. चष्म्याची जाड मोडकी फ्रेम घासून मी नखी केलीय. ती मामीच्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत राहते.

बाजू बरोबर आहे रे बाबा. तुझा मॅनेजरही ऐकला, तो बोलतो म्हणजे घागर बुडते. रागावू नकोस, पण मला वाटतं तुझ्या आठवणीने घाई केलीय. तू तरुण, ट्रक बंद, अंगात रग. तुला सगळंच धावताना दिसलं असेल. मी रोज ऐकते. तो मुळीच घाईत नाही. एका जागी तो सुरांचा मोठा जिना उतरून खाली येतो, आणि पुढच्या ओळीत जाण्याआधी सगळ्यांत जाड तारेला नुसतं बोट लावतो. जाता जाता दार लागलंय ना, हे बघावं तसं. तो सूर सापडायला मला सबंध उन्हाळा लागला. आता त्या सुरापाशी आले की मला माझी खोली, खालची वाफ, कारखाना, सगळं लांब गेलेलं दिसतं आणि तरी मी घरीच असते. हे तुला कसं सांगावं कळत नाही. तुलाच कळेल, म्हणून लिहिलं.

आणखी एक. लाँड्रीवाल्या बाई सांगत होत्या, एप्रिलमध्ये जिप्सींच्या गाड्या इथल्या पाण्याच्या टाकीमागे उतरतात. डावऱ्याचीच माणसं आहेत. संध्याकाळी गोल करून बसतात, गिटार घेऊन येईल त्याला जागा देतात. तिथे कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. आवडलं नाही, तर बाकीचे आपापल्या खुंट्या पिळून तारा लावायला घेतात. मग वाजवणाऱ्याने समजून उठायचं.

मी जाणार आहे. त्यांनी मला पुरतं वाजवू दिलं, तर ती खरी डावऱ्याची धून. मग तुझ्याकडे येईन. खुंट्या पिळल्या, तर टेप परत पाठवीन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

भिंगरी

३ ऑक्टोबर

भिंगरी,

पत्र मिळालं. माझ्या आठवणीने घाई केली असेल. माणूस म्हातारा झाला की त्याच्या आठवणीही कुणीतरी तपासून घ्याव्या लागतात. काही हरकत नाही.

गोलात जाशील तेव्हा ठेका देणाऱ्याच्या शेजारी बस, तो तुला पडू देणार नाही. आणि खुंट्यांना हात गेलेच, तर तोंड पाडून उठू नकोस. गिटार काखेत धर, हसून ऊठ.

इकडे सगळं ठीक. कानांचं म्हणशील तर चाललंय.

मामा

(पाकिटात वेगळी चिठ्ठी)

भिंगरे, तुझ्या मामाचं काही ठीक नाही. मी मोजकं बोलते असं तो सगळ्यांना सांगतो. मी पहिल्याएवढंच बोलते गं. त्याला माझं येत नाही. खालच्या मजल्यावरचे जाड आवाजाचे शिंपीदादा बोलले की लगेच उत्तर देतो, आणि मी विचारलं भूक लागली का, तर म्हणतो खिडकी लाव. मी खिडकी लावते. ती धून तो तोंडाने गुणगुणायचा, तेही सोडलं, सूर बरोबर लागतो का हे कळत नाही म्हणून. तू विषय काढणार नाहीस असं लिहिलंस, ते वाचून सबंध दिवस बाकावर बसून होता. काढत जा विषय. स्वेटरची बाही उसवून देईन.

मामी

१९ एप्रिल

मामा,

बसून वाच. मामीलाही बसव.

काल गेले होते. टाकीमागे मोठा हिरवा उतार आहे. गाड्यांच्या दारांत पडदे हलत होते, दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि उतारावर दहा-बारा जणं उलटी टोपली, पायरी, टायर, मिळेल त्यावर बसलेली. डोक्यावर रुमाल बांधलेला एक सुरकुतलेला माणूस ठेका देत होता. त्याला सगळी लहानथोर मेहुणा म्हणूनच हाक मारतात. त्याचीच स्वतःची नातवंडंही. मी तुझं ऐकून त्याच्या शेजारी बसले.

समोर एक बाई वाजवत होती. मामा, मी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिची बोटं दिसत नव्हती. सुरांची नुसती लाट येत होती आणि आपण तिच्यात कधी सापडलो कळत नव्हतं. बघता बघता तो उतार, ती दोरीवरची पांघरुणं, सगळं जमिनीपासून वीतभर उचललं गेलं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. धून अनोळखी वाटत होती आणि तरी पुढे काय येणार हे मला आधी कळत होतं, स्वप्नात कळतं तसं. मग ती संपली, कुणीतरी काही चेष्टा केली आणि ती बाई हसली. बारीक, किणकिणत, भराभर. आणि मध्ये एक उचकी.

ते हसणं मी वर्षभर रोज ऐकलंय. म्हाताऱ्याचं म्हणून.

आमच्या कारखान्यात काचेला शेवटचा हात द्यायचा असला की मोटरवरचं मोठं चाक काढून बारीक चढवतात. मग दगड हळू फिरतो. हे मी रोज करते रे. आणि तू मला पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस, दांड्यावरची एक कडी उरली म्हणून. कडी गेली, दांडा बारीक झाला, टेप हळू फिरली. सूर जाड झाले, मुलगी म्हातारा झाली, डावरा तरंगायला लागला. तुझ्या आठवणीने घाई केली नव्हती. मीच तुला शहाणपण शिकवलं. माफ कर.

मला उठून पळायचं होतं. पण गिटार घेऊन आलेल्याला तिथे विचारतातच. मेहुण्याने हनुवटीने खूण केली, चल, तुझं. मला दुसरं काही येत नाही. त्या बाईने आत्ताच वाजवलेली तिच्या बापाची धून, तीच मी माझ्या सैल तारांवर, गोगलगाईसारखी सुरू केली. पहिली ओळ संपली नाही तोच एकाचा हात खुंटीकडे गेला. मग दुसऱ्याचा. मग सगळ्यांचे. मेहुण्याने ठेका थांबवला आणि तोही खुंटी पिळायला लागला. माझे डोळे भरून आले. तू लिहिलं होतंस तसं हसून उठावं म्हणून मी गिटार काखेत घ्यायला गेले.

मेहुणा म्हणाला, "थांबू नकोस. आम्ही खाली येतोय."

ते तारा सैल करत होते, मामा. माझ्या पट्टीत उतरत होते. एकेक करून सगळे आले, मग मेहुण्याने माझ्याच चालीने ठेका सुरू केला, आणि मी टेपमधल्या त्या पाळण्यात शिरले. पुढचं मला फारसं आठवत नाही. गवताचा वास आठवतो. जिना उतरून खाली आले आणि त्या जाड तारेला बोट लावलं, तेव्हा त्या बाईचं डोकं झटकन वर झालं, तेवढं आठवतं.

संपल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, "तिथे बाबा श्वास घेतो असं मला वाटायचं. म्हणून मी ती जागा रिकामी सोडते. तिथे सूर होता?" मी म्हटलं, होता. तिने माझं बोट धरून मला तो पुन्हा वाजवायला लावला. मग परत. तिच्याकडे बापाचं वाजवणं कशावरही उतरवलेलं नाही. टेप आहे हे कळल्यावर ती माझा हात धरून बसली.

भिंगरी

२८ एप्रिल

भिंगरे,

मामीने बटणांचा डबा पलंगावर पालथा केला. कडी सापडली. तिच्यात दोरा ओवून मामीने तिला पडद्याला लावायचं ठरवलं होतं, थोडक्यात वाचली. आता मामी घरभर सांगत फिरतेय, की कंटाळवाणं आहे हे तिने तेव्हाच ओळखलं होतं. ऐकू आलं नाही तरी तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

तुझं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. "आम्ही खाली येतोय," तिथपर्यंत आलो की मला पुढचं दिसत नाही. माफी कसली मागतेस? तो पार्ट मी उरवला नसता तर तू तो सूर कुठून शोधणार होतीस?

पण आता डावऱ्याला त्याची चाल परत द्यायला हवी. त्याच्या लेकीने बापाला त्याच्या पावलाने चालताना ऐकलं पाहिजे. टेपरेकॉर्डर पाठव. कडी बसवतो, मग यंत्र आणि टेप दोन्ही तिलाच देऊन टाकू, ती रिळं दुसऱ्या यंत्रावर बसतही नाहीत. माझं काय, माझ्या कानात ती धून आता कुठल्याच चालीने शिरायची नाही. तू शब्द दिला होतास त्यातून मी तुला मोकळं केलं. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यापुढे वाजव.

मामा

६ मे

मामा,

टेपरेकॉर्डर पाठवतेय, स्वेटरमध्येच गुंडाळून. बाही उसवायची राहू दे म्हणावं, मला खिसा हवाय.

काल शेवटची लावावी असं मनात आलं, पण भुकटी इतकी पडते की हिंमत झाली नाही. लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, नक्कल करून घ्या. नक्कल करणाऱ्याने टेप बोटांत धरून बघितली आणि म्हणाला, ही रिळं माझ्या यंत्रावर बसत नाहीत, आणि टेपही फार वेळा फिरवण्यासारखी राहिलेली नाही. तेव्हा जेवढं उरलंय तेवढं तिच्यासाठी राहू दे. गाड्या महिनाअखेरीपर्यंत इथे आहेत.

तुझं मोकळं करणं मला मान्य नाही. पण काय करावं तेही सुचत नाही. तुझ्या कानाशी बसून वाजवलं तरी तू खोटी मान डोलवशील, आणि मला ते खरंच कळेल. कारखान्यातून येते, वाफेत बसते, वाजवते. आता ती बाई वाजवते तसं शिकायला हवं, पण बोटं त्या जुन्या चालीवरून हलत नाहीत.

भिंगरी

१७ मे

माझ्या भिंगरी,

आज सकाळी यंत्र बाकावर ठेवलं. कडी, पट्टा, पेचकस, सगळं ओळीने मांडलं. खोलण्याआधी रिळं फिरतात ना बघावं म्हणून खटका दाबला आणि चष्मा शोधायला वळलो.

मागून कुणीतरी चालत आलं.

मला वाटलं शिंपीदादा आले. वळून बघतो तर कुणी नाही, रिळं फिरतायत. पुन्हा आलं. जाड, गोल, सावकाश. मी बाकाला धरून खाली बसलो. भिंगरे, तो ठेका होता. मेहुण्याचा हात, मी पाहिलेला. आणि त्याच्यावर डावरा. वरच्या मजल्यावर नाही गं, खाली, माझ्या भाडेकरूंच्या मजल्यावर. कडी नव्हती म्हणून तो खाली उतरून आला होता. वर्षभर हे तुझ्या खोलीत वाजत होतं आणि मी इथे बसून नशिबाला बोल लावत होतो.

मी सगळी ऐकली. माळ दिसला, नदी दिसली, ट्रकचं उघडं बॉनेट दिसलं. पण ते सगळं पाण्याखालून बघावं तसं, आणि कुणालाच कुठे जायचं नव्हतं. तो जिना उतरला तेव्हा मी श्वास धरला. दार लागलंय ना, हे त्याने बघितलं. मला आलं ते. मग तुझा म्हातारा हसला, उचकी दिली, आणि टेप सुटून फटफट वाजायला लागली. मामी दारात उभी होती. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

टेप पुन्हा लावायची फार इच्छा झाली. हात खटक्यावर होता. बाकावर तपकिरी भुकटी पडली होती, ती मी बोटाने पुसली आणि हात काढून घेतला. मला एकदाच हवी होती, एकदा मिळाली. जी उरलीय ती लेकीची.

दुपारी यंत्र खोलून कडी बसवली. नीट बसली, आपल्या जागेवर. सोबत पाठवतोय. तूच नेऊन दे तिला, आणि बाप वाजवायला लागला की थोडी लांब जाऊन बस.

आता तुझ्या बोटांबद्दल. ती चाल सोडू नकोस. डावरा त्या चालीने आता जगात दुसरीकडे कुठेच वाजत नाही, तुझ्याकडेच आहे. मी तुला मोकळं केलं होतं ते परत घेतो. रजा काढ आणि ये. तारा सैलच राहू देत. माझ्या कानाशी बसायचीही गरज नाही, बाकावर माझ्यासमोर बस. मान डोलवली तर ती खरी असेल.

धून संपली की हसायला कुणीतरी लागेल. मामी सकाळपासून स्वयंपाकघरात जाड आवाजात हसायचा सराव करतेय. इतक्या वर्षांनी तिचं हसणं मला ऐकू येतंय, म्हणून मी अजून दार लावलेलं नाही.

मामा